पुढच्या पातळीचं ह्युमनॉइड किट: आधी सांधे बघा, मग बाकीचं

पहिलं छोटं ह्युमनॉइड (माणसासारख्या रोबोचं) किट जोडून झालं, त्याला वाकणं, हात हलवणं, चार पावलं टाकणं जमलं, की पुढचं किट खुणावू लागतं. तोवर एक गोष्ट ध्यानात आलेली असते. टेबलाच्या गुळगुळीत फळीवर नीट चालणारा रोबो सतरंजीवर पडतो. बॅटरी निम्मी उतरली की तीच चाल अडखळते. कोन कितीही वेळा जुळवले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याचं मूळ बहुतेक वेळा तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसतं. स्वस्त किटमधला सर्वो, म्हणजे सांधा हलवणारी छोटी मोटर, हुकूम ऐकतो, पण आपण खरोखर कुठवर पोचलो, किती जोर लागतोय, किती तापलोय, यातलं काहीच कळवत नाही. त्यामुळे रोबो चालत नसतो, पाठ केलेली हालचाल म्हणून दाखवत असतो.

म्हणून पुढचं किट घेताना माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: निवडीची सुरुवात सांध्यांपासून करा. कॅमेरा, स्पीकर, सुबक कवच हे सगळं नंतर बसवता येतं. सर्वो कमजोर निघाले तर मात्र ब्रॅकेट, वायरिंग, बॅटरी, कंट्रोलर सगळंच बदलावं लागतं, म्हणजे नवा रोबोच बांधावा लागतो.

पायरी १: रोबोकडून काय करवून घ्यायचंय ते लिहून काढा

हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे, कारण प्रत्येक उत्तर वेगळ्या किटकडे नेतं.

हालचाली रचणं, नाच बसवणं, रोबोंच्या कुस्तीत उतरणं हा तुमचा ओढा असेल, तर मजबूत, वेगवान आणि दुरुस्तीला सोपं किट हवं. जपानमध्ये २००२ पासून रोबो-वन या स्पर्धा होतात आणि कोंडोसारख्या कंपन्यांची किट्स त्याच वातावरणात घडली. पडणं, उठणं, पुन्हा पडणं हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

चाल स्वतः लिहायची असेल, म्हणजे पाऊल कुठे पडेल ते गणिताने काढून त्यावरून प्रत्येक सांध्याचा कोन ठरवायचा आणि जायरोच्या (अंग किती वेगाने झुकतंय ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) आधारे तोल सावरायचा, तर सर्वोकडून वेगाने आणि अचूक माहिती परत यायलाच हवी. इथे तडजोड चालत नाही.

कॅमेऱ्याने चेंडू ओळखणं, माणसाच्या मागे जाणं, आवाजी हुकूम घेणं यात रस असेल, तर बोर्डची (रोबोतल्या छोट्या संगणकाची) ताकद आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं तयार सॉफ्टवेअर महत्त्वाचं. अशा वेळी चाल कंपनीने दिलेलीच वापरली तरी बिघडत नाही.

आणि संगणकावरच्या आभासी जगात रोबोला हजारो वेळा पाडून चालायला शिकवायचं, मग ते शिक्षण खऱ्या रोबोत उतरवायचं, हा अलीकडचा मार्ग धरायचा असेल, तर ज्याचं अचूक मॉडेल मोफत मिळतं असाच रोबो घ्या. वजन, लांबी, सर्वोचं वागणं यांची नेमकी माहिती नसेल तर आभासी शिक्षण खऱ्या पायांवर टिकत नाही.

पायरी २: सर्वोची माहितीपत्रिका उघडा आणि तिथेच जास्तीत जास्त वेळ घालवा

पहिला प्रश्न: सर्वो साध्या पल्स सिग्नलवर (एकेरी विजेच्या ठोक्यांवर) चालतो की सीरियल बसवर (सगळ्या सर्वोंनी मिळून वापरायच्या माहितीच्या एका वायरीवर)? पुढच्या पातळीचं किट म्हणून साध्या पल्सवरचं काहीही घेऊ नका, मग त्यात सर्वो २० असोत वा २५. बसवरच्या सर्वोंना प्रत्येकी एक आयडी असतो, ते एकमेकांना साखळीने जोडले जातात आणि त्याच वायरवरून कोन, तापमान, व्होल्टेज परत कळवतात.

दुसरा प्रश्न: कोन मोजतो कशाने? रोबोटिस या कोरियन कंपनीच्या जुन्या, लोकप्रिय एएक्स-१२ए सर्वोत पोटेन्शिओमीटर (शाफ्टबरोबर घासत फिरणारा बदलता रोध) आहे. त्याचा वापरता येणारा पल्ला ३०० अंशांचा आणि पायऱ्या १०२४, म्हणजे एक पायरी सुमारे ०.२९ अंशाची. त्याच कंपनीच्या एमएक्स-२८ किंवा एक्सएम४३० मालिकेत स्पर्श न होता मोजणारा चुंबकीय एन्कोडर आहे. तिथे पूर्ण फेरीचे ४०९६ भाग, एक पायरी ०.०८८ अंशाची. फरक नुसत्या अचूकतेचा नाही. पोटेन्शिओमीटर वापराने झिजतो आणि रोबो जिथे जास्त वेळ उभा राहतो नेमक्या त्याच कोनाभोवती आधी झिजतो. स्वस्तात चुंबकीय एन्कोडर हवा असेल तर फीटेकचा एसटीएस३२१५ आहे. त्यातही ४०९६ पायऱ्या मिळतात.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: बसचा वेग किती? हायवंडरच्या एलएक्स-१६ए सर्वोचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला १,१५,२०० बिट. एका सर्वोला कोन विचारायला ६ बाइट आणि उत्तराला ८ बाइट, मिळून १४ बाइट, म्हणजे जवळपास १.२ मिलिसेकंद. २० सर्वोंना विचारत गेलं की २४ मिलिसेकंद नुसत्या वाचण्यात गेले. नवीन कोन पाठवायला त्यापुढे आणखी सुमारे १७. एका फेरीला ४० मिलिसेकंदांच्या वर वेळ लागतो, म्हणजे सेकंदाला फार तर २४ वेळा तुम्ही तोल तपासून दुरुस्ती करू शकता. रचलेल्या हालचालींना हे पुरतं. धक्का बसल्यावर सावरायला पुरत नाही.

एएक्स-१२ए सेकंदाला १० लाख बिटने बोलतो. तीच विचारणा १६ बाइटमध्ये, ०.१६ मिलिसेकंदात होते, आणि सगळ्या सर्वोंना नवे कोन एकाच संदेशात पाठवता येतात. सेकंदाला १०० फेऱ्यांच्या आसपास पोचणं शक्य होतं. त्यासाठी दोन सेटिंग्ज मात्र हाताने बदलाव्या लागतात. सर्वोतला उत्तर देण्याआधीचा थांबा कारखान्यातून ५०० मायक्रोसेकंद असा येतो, तो शून्यावर आणा. यूएसबीमार्गे लॅपटॉपला जोडत असाल आणि अडॅप्टरमध्ये एफटीडीआयची चिप असेल, तर लिनक्समध्ये तिचा लेटन्सी टायमर (माहिती पुढे देण्याआधीचा थांबा) १६ मिलिसेकंदांवर असतो, तो १ करा. हे केलं नाही तर महागडा सर्वोही मंद वाटतो.

आता जोर. जाहिरातीतला आकडा असतो तो अडवून धरलेल्या सर्वोचा, म्हणजे शाफ्ट थांबवून धरल्यावर मिळणारा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर). त्या जोरावर सर्वो काही क्षणच तग धरतो. सतत पेलायचा भार या आकड्याच्या पाचव्या हिश्शात, फार तर तिसऱ्या हिश्शात बसावा असा हिशेब मी धरतो.

एक उदाहरण करून बघू. रोबोचं वजन १.८ किलो. तो एका पायावर, गुडघा वाकवून उभा आहे. टेकलेल्या पायाची नडगी आणि पाऊल वगळलं तर त्या गुडघ्यावर साधारण १.५ किलो भार येतो. गुडघ्यापासून या वजनाचा मध्य आडव्या रेषेत ४.५ सेंटिमीटर मागे आहे असं धरू. १.५ गुणिले ४.५, म्हणजे ६.७५ किलो-सेंटिमीटर. हे नुसतं उभं राहण्याचं झालं. पाऊल आपटलं, खाली बसून उठला, की दीडपट ते दुप्पट धरा, म्हणजे १० ते १३. एएक्स-१२एचा कमाल टॉर्क १२ व्होल्टला १.५ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे १५ किलो-सेंटिमीटर. हलत्या क्षणी हा सर्वो जेमतेम पुरतो, आणि वाकून उभा ठेवला तर निम्म्या जोरावर सतत जळत राहतो. या सर्वोंवर उभ्या असलेल्या रोबोंचे गुडघे काही मिनिटांत गरम का होतात आणि शेवटी संरक्षणासाठी सर्वो सैल का पडतो, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे.

तुमच्या डोळ्यासमोरच्या किटसाठी हाच हिशेब करा. वजन माहितीपत्रिकेत मिळतं, मांडीची लांबी फोटोवर पट्टी धरून काढता येते. गुडघा आणि घोटा या दोन सांध्यांचं गणित जमलं की बाकीचे सहसा जमतात.

गिअरबद्दल थोडक्यात. प्लास्टिकचे गिअर हलके आणि स्वस्त, पण धडपडीत दात तुटतात. धातूचे टिकतात, महाग असतात. मात्र धातूचा गिअर असला म्हणजे ढिलेपणा नाही असं समजू नका. दोन दातांमधली मोकळी जागा प्रत्येक सांध्यात साठत जाते. खुब्यात १ अंशाचा ढिलेपणा असेल तर २० सेंटिमीटर लांब पायाच्या टोकाला साडेतीन मिलिमीटर फरक पडतो. चालताना पाऊल जमिनीवरून उचललं जातं तेच एक-दोन सेंटिमीटर. किट प्रत्यक्ष बघायला मिळालं तर वीज चालू ठेवून, कंबर हातात धरून पाऊल हळूच हलवून बघा. ही एक चाचणी दहा व्हिडिओंपेक्षा जास्त सांगते.

सर्वो शाफ्टच्या दोन्ही बाजूंनी धरलेला आहे का, तेही बघा. एकाच बाजूने लटकणारा सांधा पडझडीत वाकतो. मागच्या बाजूला बेअरिंग किंवा फिरती टोपी असलेले सर्वो जास्त जगतात.

पायरी ३: एकूण सांधे मोजू नका, पायातले मोजा

जाहिरातीत सांध्यांचा एकच मोठा आकडा असतो. तो फोडून बघा. माणसासारखं चालायला एका पायात ६ सांधे लागतात: खुब्यात तीन, गुडघ्यात एक, घोट्यात दोन. खुब्यातल्या तिन्हींपैकी पाय उभ्या अक्षाभोवती फिरवणारा सांधा खर्च वाचवताना सगळ्यात आधी गळतो.

कोंडोच्या केएचआर-३एचव्हीमध्ये मुळात १७ सर्वो आहेत. पायात प्रत्येकी ५, हातात प्रत्येकी ३ आणि डोक्यात १. हा फिरणारा सांधा त्यात नाही, पण सर्वो वाढवत २२ पर्यंत नेण्याची सोय आधीच ठेवलेली आहे. रोबोटिस मिनीत १६ सर्वो, तिथेही पायात ५. बायोलॉइड प्रीमियमच्या ह्युमनॉइड रूपात १८, आणि त्यात पायात पूर्ण ६. म्हणजे १७ आणि १८ यांत फरक एकाचाच दिसतो, पण एक रोबो पाय घसटत वळतो आणि दुसरा पाऊल उचलून वळतो. फरशीवर घसटणं चालून जातं. गालिच्यावर किंवा रोबोकप या रोबोंच्या फुटबॉल स्पर्धेसाठी अंथरतात तशा कृत्रिम हिरवळीवर घसटणारा पाय अडकतो.

हातांच्या बाबतीत मी इतका काटेकोर नाही. वस्तू उचलायची नसेल तर हातात ३ सांधे भरपूर झाले. बोटं असलेला पंजा दिसायला छान असतो, पण तो हाताच्या टोकाला वजन वाढवतो आणि त्याची भरपाई घोट्याला करावी लागते.

पायरी ४: उंचीच्या मोहात पडण्याआधी चौथा घात आठवा

४० सेंटिमीटरचा रोबो आवडला, मग ८० सेंटिमीटरचा किती भव्य वाटेल, हा विचार मनात येतोच. पण सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं, तरफेची लांबी दुप्पट होते, आणि सांध्यावर लागणारा टॉर्क सोळापट. प्रत्यक्षात अंग पोकळ ठेवून हे थोडं कमी करता येतं, पण दिशा तीच राहते.

एकाच कंपनीचे दोन रोबो शेजारी ठेवून बघा. रोबोटिस मिनीची उंची सुमारे २७ सेंटिमीटर आणि त्यातला एक्सएल-३२० सर्वो ०.३९ न्यूटन-मीटरचा. रोबोटिस ओपी३ची उंची सुमारे ५१ सेंटिमीटर, वजन ३.५ किलो, आणि त्यातला एक्सएम४३०-डब्ल्यू३५० सर्वो १२ व्होल्टला ४.१ न्यूटन-मीटरचा. उंची दुपटीहून कमी वाढली, सर्वोचा जोर दहापट वाढवावा लागला. किंमत कुठे जाते ते इथे कळतं: मिनी काहीशे डॉलरांच्या घरात, ओपी३ दहा हजार डॉलरांच्या वर.

घरात, टेबलावर, एकट्याने काम करायचं असेल तर ३५ ते ५० सेंटिमीटर ही मला सगळ्यात शहाणपणाची उंची वाटते. रोबो पडला तर एका हाताने झेलता येतो, सर्वो परवडतात, आणि कॅमेरा व छोटा संगणक पाठीवर बसायला जागाही असते.

पायरी ५: मेंदू, आणि त्याच्या सॉफ्टवेअरचं वय

दोन थर वेगळे असलेलं किट निवडा. खालचा मायक्रोकंट्रोलर सर्वोंशी आणि जायरोशी वेळेत बोलतो. वरचा रास्पबेरी पायसारखा (तळहाताएवढा संगणक) बोर्ड कॅमेरा आणि निर्णय सांभाळतो. सगळं एकाच लिनक्स बोर्डवर लादलं तर कॅमेऱ्याचं काम वाढताच चालीचा ठेका चुकतो.

रोबो ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरओएस हे रोबोचे वेगवेगळे प्रोग्रॅम जोडणारं मोफत सॉफ्टवेअर, चालतं असं किटच्या पानावर लिहिलेलं असेल तर कोणती आवृत्ती ते विचारा. पहिल्या पिढीच्या शेवटच्या नोएटिक आवृत्तीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला. आज नव्याने शिकणाऱ्याने आरओएस २ वरच जावं. हंबल आवृत्ती मे २०२७ पर्यंत आणि जॅझी मे २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. नोएटिकवरचं किट वाईट नसतं, पण त्यावर लिहिलेलं काम पुढे हलवायचा खर्च तुमच्या वेळेतून जातो.

सर्वोशी बोलण्याची भाषा उघड आहे का, हेही तपासा. कंपनीचं ॲप बंद पडलं तरी स्वतःच्या पायथन प्रोग्रॅममधून सर्वो हलवता यायला हवेत. रोबोटिस, कोंडो, फीटेक, हायवंडर यांच्या सर्वोंचे नियम प्रसिद्ध आहेत. फक्त मोबाइल ॲपवरच हलणारा रोबो, कितीही देखणा असला, तरी शिकणाऱ्याच्या कामाचा नाही.

आणि पैसे भरण्याआधी एक काम फुकट करता येतं. वेबॉट्स हा सिम्युलेटर (रोबोसाठीचं आभासी जग) २०१८ पासून मुक्त स्रोत आहे आणि त्यात रोबोटिस ओपी२, ओपी३ व नाओ हे रोबो तयार मिळतात. मुजोको या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी जमवलेल्या मोफत मॉडेलांमध्येही ओपी३ आहे. महिनाभर तिथे चाल लिहून बघा. खरा ओपी३ घ्यायचा नसला तरी २० सांध्यांचा रोबो चालवताना कशाशी झुंजावं लागतं ते उमगतं, आणि आपल्याला चालीत रस आहे की कॅमेऱ्यात, हे पहिल्या पायरीतलं उत्तर पक्कं होतं.

पायरी ६: आता नावं घेऊ

*रोबोटिस बायोलॉइड प्रीमियम.* १८ एएक्स-१२ए, सीएम-५३० कंट्रोलर, ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. किट वयस्कर आहे, सर्वोची मर्यादा वर दाखवलीच. तरीही याच्यावर इतकी वर्षं इतक्या विद्यापीठांनी काम केलंय की अडलेल्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं सापडतं. तेच भाग वापरून कुत्रा, कोळी, हात बांधता येतात. कुणी वापरलेलं विकत असेल तर प्रत्येक सर्वो एकेक करून पूर्ण पल्ल्यात हाताने फिरवून बघा. कुठे खटका लागला तर गिअरचा दात गेला आहे.

*कोंडो केएचआर-३एचव्ही.* सुमारे ४० सेंटिमीटर, दीड किलो. केआरएस-२५५२ मालिकेचे १४ किलो-सेंटिमीटरचे सर्वो या वजनाला चांगले पुरतात, म्हणून याची हालचाल चपळ वाटते. हार्ट-टू-हार्ट हे त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. भरपूर माहिती जपानीत आहे, भाषांतराचं यंत्र हाताशी ठेवावं लागेल. हालचाली रचणाऱ्यासाठी ही माझी पहिली पसंती.

*हायवंडरचे टोनीपाय आणि आयनेक्स.* रास्पबेरी पाय, कॅमेरा, पायथन, तयार उदाहरणं, आणि सर्वो बसवरचे. आयनेक्समध्ये २४ सांधे आहेत आणि आरओएसही. कॅमेरा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायला पैशांच्या मानाने खूप काही मिळतं. स्वतःची तोल सावरणारी चाल लिहिणाऱ्याने मात्र आतला सर्वो नेमका कोणता आणि त्याच्या बसचा वेग किती ते विचारूनच घ्यावं.

*रोबोटिस ओपी३.* याचा पूर्वज डार्विन-ओपी व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेसोबत घडला आणि २०११ मध्ये इस्तंबूलच्या रोबोकपमध्ये छोट्या ह्युमनॉइडांच्या गटात जिंकला. ओपी३मध्ये २० सांधे, इंटेलचा छोटा संगणक आणि सगळं सॉफ्टवेअर खुलं. एकट्या हौशी माणसाला हा झेपणं कठीण. कॉलेजची प्रयोगशाळा किंवा चार-पाच जणांचा गट घेऊ शकला तर पुढची काही वर्षं शिकायला कमी पडणार नाही.

*थ्रीडी प्रिंटरवर स्वतः छापून बांधायचे रोबो.* इथे मला सगळ्यात जास्त जीव लागलेला आहे. फ्रान्सच्या इनरिया संस्थेतून आलेला पॉपी ८४ सेंटिमीटरचा, साडेतीन किलोचा, २५ सर्वोंचा. हालचालींचा अभ्यास आणि शिकवणं यासाठी उत्तम, पण जोडल्या जोडल्या आपोआप चालू लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. गाएल लांजव्हँ या फ्रेंच शिल्पकाराचा इनमूव्ह माणसाएवढा आहे आणि हात, बोटं, चेहरा यासाठीच बांधतात. चालण्यासाठी तो नाही. २०२५ मध्ये दोन नवे आराखडे खुले झाले. स्टॅनफर्डचा टॉडलरबॉट ५६ सेंटिमीटर, ३.४ किलो, ३० सांधे, आणि सामानाचा खर्च ६,००० डॉलरच्या आत. बर्कलीचा ह्युमनॉइड लाइट सुमारे ८० सेंटिमीटरचा, १६ किलोचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या सायक्लॉइडल गिअरबॉक्सचा, ५,००० डॉलरच्या आत. दोन्ही आराखडे यंत्र-शिक्षणासाठी, म्हणजे रोबोला सरावातून शिकवण्यासाठी, आखलेले आहेत. घरी चांगला प्रिंटर असेल, आणि पहिल्या किटने तुम्हाला सोल्डरिंग, वायरिंग, सहनशक्ती या तिन्हींची सवय लावली असेल, तर टॉडलरबॉटचा आराखडा उघडून बसा. मात्र १६ किलोचा रोबो एकट्याने, मुलं खेळत असलेल्या खोलीत चालवू नका.

युनिट्री या चिनी कंपनीचे जी१ आणि आर१ बातम्यांत सतत दिसतात. ते तयार रोबो आहेत, किट नव्हेत. सांधा कसा घडतो हे शिकायचं असेल तर ते बाजूला ठेवा.

पायरी ७: भारतात मागवताना

यातल्या बहुतेक गोष्टी कोरिया, जपान, चीनमधून येतात, त्यामुळे दुकानातली किंमत ही अंतिम किंमत नव्हे. भाडं, सीमाशुल्क आणि त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) धरूनच तुलना करा. पार्सलवर वस्तूचं वर्णन आणि वर्गीकरण काय लागणार ते विक्रेत्याला आधी विचारा. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केलं गेलं, त्यामुळे तेच किट खेळणं ठरलं की शैक्षणिक उपकरणाचे सुटे भाग ठरले यावर बराच फरक पडतो. दर बदलत असतात, मागवण्याच्या आठवड्यातला दर बघा. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेलं किट मान्यतेच्या कागदांसाठी अडू शकतं. या कटकटीपेक्षा भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून थोडं महाग घेणं मला बरं वाटतं, कारण सर्वो खराब निघाला तर परत पाठवायला पत्ता जवळचा असतो.

लिपो बॅटरी परदेशातून मागवू नका. विमानाने पाठवण्याचे नियम कडक आहेत आणि हवी ती बॅटरी इथे मिळते. किट बॅटरीशिवाय मागवा, कनेक्टर कोणता आहे तेवढं विचारून घ्या. बॅटरी, चार्जर, व्होल्टेज बोर्ड, सिलिकॉनची वायर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हातात घेऊन बघता येतं. पुण्याच्याच रोबू डॉट इनसारख्या संकेतस्थळांवरून गावी बसूनही मागवता येतं.

बॅटरीचा हिशेब असा. एएक्स-१२ए पूर्ण अडला की दीड अँपिअर ओढतो. १८ एकदम अडले तर २७ अँपिअर. हे रोज होत नाही, पण पडल्यावर उठताना क्षणभर प्रवाह उसळतो, व्होल्टेज बसतं आणि रास्पबेरी पाय मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. १,००० मिलिअँपिअर-तासांची २५सी (क्षमतेच्या २५ पट प्रवाह देणारी) बॅटरी कागदावर २५ अँपिअर देते. थोडी वरची घ्या. रास्पबेरी पायला वेगळा ५ व्होल्टचा रेग्युलेटर द्या, रास्पबेरी पाय ४ साठी निदान ३ अँपिअरचा, रास्पबेरी पाय ५ साठी ५ अँपिअरचा.

किटबरोबरच दोन जादा सर्वो, गिअरचे चार संच, वायरींचा एक जुडगा आणि स्क्रूंची पिशवी मागवा. याला एकूण खर्चाच्या १५ ते २० टक्के राखून ठेवा. तेवढे पैसे उरत नसतील तर एक पायरी खालचं किट घ्या. एका सर्वोसाठी महिनाभर कपाटात पडलेला रोबो बघणं फार वाईट.

पायरी ८: खोका उघडल्यावर

सर्वो जोडण्याआधी प्रत्येकाला एकेकटं लावून आयडी द्या आणि त्यावर कागदी पट्टी चिकटवा. सगळ्यांचा आयडी मुळात एकच असतो, दोन एकदम लावले तर दोघंही एकाच वेळी उत्तर देतात आणि काहीच वाचता येत नाही. मग प्रत्येक सर्वो मध्यावर आणा आणि त्यानंतरच हॉर्न (शाफ्टवरची दातेरी चकती) बसवा. एक दात चुकला तरी पुढे सगळे कोन तिरके येतात.

स्क्रू सैल पडू नये म्हणून निळा थ्रेडलॉकर फक्त धातूत धातू बसतो तिथे, टोकावर थेंबभर लावा. प्लास्टिकला तो लागला तर काही प्लास्टिकना तडे जातात. वायर सांध्याजवळ मोकळी ठेवा, पाय पूर्ण वाकवून आणि पूर्ण ताणून बघा, कुठेही ताण दिसला तर तिथेच बदला.

पहिल्यांदा वीज देताना बॅटरी नको. प्रवाहाची मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय असेल तर तो २-३ अँपिअरवर लावा, रोबोला खांद्यातून दोरीने टांगा, पाय जमिनीपासून वर राहू द्या. चुकीच्या दिशेने फिरणारा सांधा हवेत दिसला तर नुकसान होत नाही. लिपोवर आलात की प्रत्येक सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, ठेवून द्यायची असेल तर ३.८ व्होल्टवर ठेवा आणि चार्ज होत असताना खोली सोडून जाऊ नका.

उभा राहिला की लगेच चालवू नका. गुडघे थोडे वाकवून पाच मिनिटं उभा ठेवा आणि दर मिनिटाला सगळ्या सर्वोंचं तापमान आणि मागितलेल्या कोनापासूनचा फरक फाइलमध्ये लिहून ठेवा. डाव्या आणि उजव्या गुडघ्याच्या आकड्यांत ठळक तफावत असेल तर जोडणीत काहीतरी तिरकं बसलंय. ते आत्ताच उघडून सरळ करा. हीच फाइल जपून ठेवा आणि दर महिन्याला तीच चाचणी पुन्हा घ्या. एखाद्या सांध्याचा फरक हळूहळू वाढत गेला की गिअर झिजतोय, आणि दात तुटायच्या आत तो बदलता येतो.